४.७८ म्हणजे सगळं संपलं का?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा दहावीत आहे, सोळा वर्षांचा. शाळेच्या ज्युनिअर व्हार्सिटी (दुय्यम) अमेरिकन फुटबॉल संघात वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, म्हणून खेळतो. उन्हाळ्यात एका कॅम्पला गेला होता. तिथे ४० यार्डांच्या धावेत त्याची वेळ ४.७८ सेकंद आली. तिथले कोच 'हात छान आहेत तुझे, पण स्पीड शिकवता येत नाही' एवढंच बोलले आणि पुढच्या मुलाकडे वळले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वजन उतरलं की वेग वाढेल म्हणून याने भात सोडलाय. आता एक खासगी ट्रेनर मिळालाय. महिन्याला ३०० डॉलर घेतो, बारा आठवड्यांत वेळ दोन दशांश सेकंदाने कमी करून देईन म्हणतो. माझे मिस्टर शाळेत असताना सांगलीकडे खो-खो खेळलेत. त्यांचं म्हणणं, सरळ रेषेत पळण्यात कसलं आलंय कसब! मला या खेळातलं काही कळत नाही. वेग खरंच एवढा महत्त्वाचा असतो का? पैसे भरू का?"
— शुभदा (नाव बदललं आहे)

शुभदाताई,

पैसे आत्ता भरू नका. आणि भात आजच परत सुरू करा. बाकीचं जरा सविस्तर सांगते, कारण ते कोच जे बोलले ते खोटं नाही, फक्त अर्धवट आहे.

आधी हा ४० यार्डांचा प्रकार काय आहे ते बघू. चाळीस यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर. हेच अंतर का, याचं श्रेय क्लीव्हलँडचे जुने कोच पॉल ब्राउन यांना देतात. पंट, म्हणजे लाथेने उडवलेला चेंडू, साधारण चाळीस यार्ड जायचा. तो खाली येईपर्यंत आपला गडी तिथे पोचतो का, हे त्यांना बघायचं होतं. आता दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिसला एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचं, कंबाइन (निवड चाचण्या) भरतं. कॉलेजमधली निवडक मुलं तिथे हाफपँट आणि टीशर्टवर, हेल्मेट नाही, पॅड नाहीत, एक हात जमिनीला टेकवून उभी राहतात आणि आपल्याला वाटेल तेव्हा सुटतात. बंदूक नाही, शिटी नाही. समोर अडवणारं कोणी नाही. या साडेचार सेकंदांवर लाखो डॉलर इकडचे तिकडे होतात.

तुमच्या मुलाच्या खेळात यातलं काय असतं? वाइड रिसीव्हर हात टेकवून सुरुवात करत नाही, तो उभ्यानेच सुटतो. चेंडू हलला की सुटायचं, आपल्या मर्जीने नाही. समोर कॉर्नरबॅक, म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, छातीवर हात मारायला टपलेला. आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, बहुतेक वेळा तीन सेकंदांच्या आत चेंडू हातातून सोडतो. म्हणजे ज्या धावेवरून घरात रडारड चालू आहे, ती पुरी होण्याआधीच खेळातला चेंडू हवेत गेलेला असतो. सरळ चाळीस यार्ड मोकळं पळायला मिळणं हे एका सामन्यात दोन-चारदा होईल, नाहीतर एकदाही नाही.

तरी वेग भारी असतो. मिस्टरांना हा परिच्छेद मुद्दाम वाचून दाखवा. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बॉब हेजने १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि पुढच्या वर्षी तो तुमच्याच डॅलसच्या काउबॉइजकडून खेळायला उतरला. एका माणसाने एकट्याने त्याच्याबरोबर पळायचं, हे कोणाला जमेना. मग संघांनी माणसामागे माणूस लावण्याऐवजी मैदानाचे भाग वाटून घेतले. झोन बचाव आधीपासून होता, पण तो असा फोफावला त्यात हेजचा मोठा वाटा मानतात. आजही तसंच आहे. समोरचा रिसीव्हर वेगाने आपल्याला मागे टाकू शकतो ही धास्ती असली की कॉर्नरबॅक पाच-सात पावलं मागे उभा राहतो, सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) त्याच्या बाजूला सरकतो, आणि मधली जागा दुसऱ्या कोणासाठी मोकळी होते. त्या रिसीव्हरने दिवसभरात एक चेंडू झेलला नाही तरी त्याचं काम झालेलं असतं. २०२४ला झेव्हियर वर्दीने कंबाइनमध्ये ४.२१ सेकंदांचा विक्रम केला, कॅन्सस सिटीने त्याला ड्राफ्टच्या (संघ आळीपाळीने नवी मुलं निवडतात त्याच्या) पहिल्या फेरीत उचललं, आणि पहिल्याच हंगामाच्या शेवटी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने २ टचडाउन केले, म्हणजे दोनदा चेंडू गोल रेषेपलीकडे नेला. संघ हरला, पण फिलाडेल्फियाच्या बचावाला तो शेवटपर्यंत आवरला नाही.

४.४ आणि ४.६ यांत फरक दोन दशांशाचा. शेवटी शेवटी ही मुलं सेकंदाला दहा यार्डांच्या आसपास जात असतात, म्हणजे चाळीस यार्डांच्या टोकाला दोघांत जवळजवळ दोन यार्डांचं अंतर पडतं. एक उंच माणूस आडवा झोपवा, एवढं. चेंडू हातात येतो की कोणाच्या बोटांना लागून उडतो, हे ठरायला त्याच्या निम्मंही पुरतं. त्यामुळे कोच लोक घड्याळ बघतात ते काही वेडे म्हणून नाही.

आता दुसरी बाजू. २०१७ला जॉन रॉसने ४.२२ची धाव घेतली, तेव्हाचा विक्रम. सिनसिनाटीने त्याला नववा निवडला. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नाही! दुखापती होत्या हे खरं, पण पुढेही एका हंगामात झेल घेऊन कमावलेल्या अंतरात तो ५०६ यार्डांच्या वर कधी गेला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत, ६९व्या क्रमांकावर, कूपर कप नावाचा मुलगा गेला. त्याची वेळ ४.६२. रिसीव्हरसाठी ही संथच समजतात. २०२१च्या हंगामात कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले. तिन्हीत लीगमध्ये पहिला. वर सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. अँक्वान बोल्डिनची वेळ ४.७च्या वर होती, म्हणजे तुमच्या चिरंजीवांच्या शेजारचीच. २००३ला आपल्या पहिल्या व्यावसायिक सामन्यात त्याने २१७ यार्ड काढले आणि त्या हंगामात १०१ झेल घेतले. जेरी राइसबद्दलही ४.७चा आकडा सांगितला जातो. त्याचे वडील गवंडीकाम करायचे. भावांनी खालून फेकलेल्या विटा वर उभं राहून झेलता झेलता याचे हात तयार झाले. कारकिर्दीत २२,८९५ यार्ड. आजवर त्याच्या जवळपासही कोणी पोचलेलं नाही.

ही नावं मुलाला जरूर सांगा, पण एवढ्यावर त्याला सोडू नका. संथ असून मोठे झालेले लक्षात राहतात, कारण ते मोजके असतात. संथ होते म्हणून घरी गेले त्यांची यादी कोणी ठेवत नाही. शिवाय बोल्डिन शंभर किलोच्या आसपासचा रांगडा गडी होता, कॉर्नरबॅक अंगावर घेऊन चेंडू काढायचा. तुमच्या मुलाची अंगकाठी तशी नसेल, तर त्याचा मार्ग याला चालायचा नाही.

मग कपला किंवा राइसला जमलं ते काय? इथे मिस्टरांचा खो-खो कामाला येतो. पाठलाग करणारा अंगावर आला असताना एकदम थांबून, खांद्याने हूल देऊन दुसरीकडे निसटणं ते शाळेत असताना रोज करत असणार. रिसीव्हरचं निम्मं काम तेच आहे, फक्त इथे चेंडूही झेलायचा असतो. समजा रूट (ठरवून दिलेली पळण्याची वाट) कमबॅकचा आहे: बारा-चौदा यार्ड पुढे, मग वळून क्वार्टरबॅककडे परत. पहिली दहा यार्ड असं पळायचं की कॉर्नरबॅकला वाटावं हा आज थांबत नाही. तो उलटा पळता पळता घाबरून पाठ फिरवतो आणि सरळ धावायला लागतो. त्याच क्षणी याने थांबायचं. कच्चा मुलगा थांबण्याआधी सात-आठ छोटी पावलं टाकतो, छाती वर येते, हात हलायचे बंद होतात. बचावातला मुलगा तेवढ्यावरून ओळखतो आणि वळून चेंडूवर झडप घालतो. तयार मुलगा कंबर खाली नेतो, छाती गुडघ्यांच्या वर तशीच ठेवतो, तीन पावलांत सगळा वेग जमिनीत मुरवतो आणि बाहेरच्या पायावर वळतो. कॉर्नरबॅक दोन यार्ड पुढे घसरत गेलेला असतो. वर म्हटलेली तीच दोन यार्ड. ४.४वाला पळून मिळवतो, हा थांबून मिळवतो.

आणि हे थांबणं शिकवता येतं. त्या कोचच्या वाक्यात राहून गेलेला भाग हा.

पण म्हणून 'सरळ वेग फसवा, वळणं खरी' असंही घेऊन बसू नका. डीके मेटकाफ हा रिसीव्हर २०१९च्या कंबाइनला १०३ किलोच्या देहाने ४.३३ सेकंदांत धावला, आणि तीन शंकूंभोवती वळत पळायच्या चाचणीत त्याला ७.३८ सेकंद लागले. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला, ज्याची ४० यार्डांची वेळ ५.२८ म्हणजे चेष्टेचा विषय आहे, त्याच चाचणीत ७.२० लागले होते! वळणाच्या त्या आकड्याने मेटकाफ दुसऱ्या फेरीच्या शेवटापर्यंत घसरला. पुढच्याच वर्षी, २०२०च्या हंगामात, त्याने १,३०३ यार्ड काढले. त्याच हंगामात समोरच्या संघाचा बडा बेकर चेंडू पळवून सुटला असताना मेटकाफने मैदानभर त्याचा पाठलाग करून गोल रेषेच्या अलीकडे त्याला आडवा केला. ती चित्रफीत तुमच्या मुलाने शंभरदा बघितली असेल. दुसरी बघितली नसेल: मे २०२१मध्ये हाच मेटकाफ कॅलिफोर्नियात खऱ्या धावपटूंबरोबर १०० मीटर पळाला. १०.३७ सेकंद, आपल्या शर्यतीत शेवटचा. फुटबॉलच्या मैदानावर ज्याला बघून लोक धसका घेतात, तो ट्रॅकवर साधा स्पर्धक ठरतो. पळणं हाच ज्यांचा धंदा, त्यांची गोष्ट वेगळी.

माझं मत विचाराल तर, सरळ वेग हा या खेळात दारावरचा पहारेकरी आहे. प्रत्येक जागेसाठी त्याची अट वेगळी. कॉर्नरबॅकसाठी सगळ्यात कडक, कारण त्याला दुसऱ्याच्या मनातलं ओळखून त्याच्या मागे जायचंय. चूक भरून काढायला वेगच हवा. रिसीव्हरसाठी थोडी सैल. लाइनमनचे (पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्याचे) चाळीस यार्ड कोणी मोजले काय, न मोजले काय. त्याची पहिली दहा यार्ड बघतात. क्वार्टरबॅकचं तर ब्रेडीवरून कळलंच, १९९ वा निवडला गेला आणि सात सुपर बोल घेऊन बसला. एकदा आत गेलात की पहारेकरी तुमच्यासाठी खेळायला येत नाही.

आता तुमच्या ४.७८कडे. कॅम्पमध्ये ही वेळ हातातल्या स्टॉपवॉचवर घेतली असणार. माणूस हालचाल बघतो, मग बोट दाबतो, म्हणजे सुरुवातीलाच थोडा उशीर, आणि तो मुलाच्या पथ्यावर पडतो. इलेक्ट्रॉनिक वेळ साधारण एक-दोन दशांशाने जास्त येते. कंबाइनमध्येसुद्धा सुरुवात माणसाच्या बोटाने आणि शेवट यंत्राने, असा मिश्र कारभार आहे. तेव्हा त्याचा खरा आकडा ४.९च्या आसपास धरा. वाईट वाटेल, पण टीव्हीवरच्या ४.३८शी तुलना करून झुरण्यापेक्षा हे माहीत असलेलं बरं. त्याच्या वर्गातल्या मुलांनी फुशारकीने सांगितलेले ४.५चे आकडेही याच गाळणीतून काढा, निम्मे गळून पडतील.

ट्रेनर दोन दशांश देईन म्हणतो, ते तो कदाचित देईलही. कसं, ते सांगते. हात कुठे टेकवायचा, मागचा पाय किती मागे, पहिलं पाऊल केवढं, मान कधी उचलायची, एवढं घोटून घेतलं की एक दशांश तिथेच निघतो. खेळात ज्या पवित्र्यात तो कधी उभाच राहणार नाही, त्यातली ही सुधारणा. उरलेला दशांश स्टॉपवॉचवाल्याच्या अंगठ्यात असतो, आणि सोळाव्या वर्षी मुलगा वाढत असतो म्हणूनही. दहावीतला मुलगा अकरावीत नुसता जेवून-झोपूनही थोडा वेगवान होतो. श्रेय पावती फाडणाऱ्याला जातं. सगळे ट्रेनर असे नसतात. पण जो पहिल्या भेटीत आकड्याची हमी देतो, त्याच्यापासून मी दोन हात लांबच राहते.

त्याऐवजी हे करा. शाळेचा ट्रॅक संघ वसंतात सुरू होतो. त्यात त्याचं नाव घाला. टेक्सासमध्ये फुटबॉलचे कोच स्वतःच मुलांना ट्रॅकवर पाठवतात. वेगळी फी फारशी नाही, शिकवणारा माणूस शाळेचाच. १०० मीटर, २०० मीटर, जमलं तर ४ बाय १००ची रिले. एक तर अंगात खरा वेग येतो, कारण पूर्ण ताकदीने पळणं हाच वेगाचा सगळ्यात चांगला व्यायाम. दुसरं म्हणजे तिथली वेळ बऱ्याच स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक असते आणि तिची नोंद राहते. कॉलेजचे लोक कोणाच्या तरी वहीतल्या ४.५पेक्षा ट्रॅकवरच्या १०० मीटरच्या वेळेवर जास्त भरवसा ठेवतात.

तोवर आठवड्यातून दोन दिवस, दमलेला नसताना, दहा आणि वीस यार्डांच्या पूर्ण जोराच्या सहा-आठ धावा. प्रत्येक धावेनंतर दोन-तीन मिनिटं चक्क उभं राहायचं. मुलांना हे आळशीपणाचं वाटतं आणि ती धापा टाकत पुन्हा पळतात. त्याने दम वाढतो, वेग नाही. वजनाच्या खोलीत स्क्वॉट्स, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी व्यायाम नक्की, कारण जोरात पळणाऱ्याचा हॅमस्ट्रिंग आधी दगा देतो. थांबायचा सराव मिस्टरांबरोबर अंगणात: बारा यार्ड पळून तीन पावलांत थांबणं, डाव्या पायावर, मग उजव्या. मिस्टर पंचावन्न वर्षांचे असले तरी हूल ओळखायची नजर जात नाही. 'तू थांबणार हे मला कुठल्या पावलावर कळलं' एवढंच त्यांनी सांगायचं. ३०० डॉलरवाला यापेक्षा फार वेगळं काही सांगणार नाही.

भाताचं पुन्हा सांगते. कमी सेकंदांचं, पूर्ण जोराचं काम बरंचसं स्नायूंत साठलेल्या साखरेवर चालतं, आणि ती भात-पोळी-बटाट्यातूनच येते. वाढत्या वयात उपाशी राहून चार किलो उतरवले तर त्यात पायांचं मांसही जातं, मग जमिनीला ढकलणार कशाने? मेटकाफचे १०३ किलो त्याला दाखवा. वरण-भात-तूप आणि जोडीला अंडी, डाळी, पनीर, चिकन, तुमच्याकडे जे चालत असेल ते. जेवण टाळणं फारच वाढलं, आरशासमोर उभं राहणं वाढलं, तर मात्र कोचकडे नाही, डॉक्टरांकडे जा.

पुढच्या शिक्षणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतली सात-एक एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेतल्या संघांपर्यंत पोचतात. वरच्या, डिव्हिजन १च्या संघांना आजच्या वेगाचा रिसीव्हर नको असेल. अकरावीच्या ट्रॅक हंगामात तो ११ सेकंदांच्या आसपास आला तर चित्र बदलेल. नाही आला, तर डिव्हिजन ३ आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, पण गुणांवर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते, आणि चांगले हात, स्वच्छ रूट असलेल्या मुलाला खेळायलाही मिळतं. म्हणजे त्याच्या मार्कांचं वजन त्याच्या सेकंदांपेक्षा जास्त ठरू शकतं. हे त्याला तुम्ही सांगू नका, तुमचं ऐकणार नाही; त्याच्या शाळेच्या कोचकडून वदवून घ्या. सीझन संपला की पंधरा मिनिटं मागा, आणि आकड्याबद्दल न विचारता 'रिसीव्हर म्हणून याच्यात काय कमी आहे, तीन गोष्टी सांगा' असं विचारा. मुलगा शेजारी बसलेला असू दे.

३०० डॉलर अगदीच खिशात खुपत असतील तर ट्रॅकचे स्पाइक्स, म्हणजे तळाला पिना असलेले बूट, घ्या. फुटबॉलचे बूट, क्लीट्स, तिथे चालत नाहीत. दुकानात '१०० आणि २०० मीटरसाठी' असं स्पष्ट सांगा, लांब पल्ल्याचे वेगळे असतात, आणि पिनांची लांबी शाळेच्या ट्रॅकला चालते का हे कोचला आधी विचारून जा.